अमेरिकन फुटबॉलपटू डेझ ब्रायंटचा तो झेल खरंच झेल होता का?

माझ्या मते झेलच होता. पण त्या वेळच्या नियमात तो बसत नव्हता, आणि म्हणूनच हा वाद अजून मिटत नाही.

११ जानेवारी २०१५, ग्रीन बेचं लॅम्बो फील्ड, एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा प्लेऑफ (हरलं की बाहेर) सामना. ब्रायंटचा संघ डॅलस काउबॉइज ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध २१-२६ असा मागे, पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला, चौथा डाउन, म्हणजे ठरलेलं अंतर कापायचा शेवटचा प्रयत्न. डॅलसच्या टोनी रोमोने लांब पास टाकला. ब्रायंटने पॅकर्सच्या सॅम शील्ड्सच्या वरून उंच उडी घेऊन तो पकडला, पावलं टाकली आणि गोल लाइनकडे (चेंडू जिच्यापर्यंत नेला की गुण मिळतात ती रेषा) हात लांबवत कोसळला. चेंडू जमिनीला लागून क्षणभर उसळला, त्याने तो पुन्हा पकडला. पंचांनी झेल दिला होता, पण पॅकर्सच्या कोचने आव्हान दिलं आणि रीप्ले पाहून निर्णय फिरवला गेला. स्कोअर तसाच राहिला, डॅलस बाहेर.

तेव्हाचा नियम असा होता की झेल घेताना पडणाऱ्याने जमिनीवर आपटल्यावरही चेंडू पक्का धरून ठेवायलाच हवा. पॅकर्सचे चाहते म्हणतात, ती पावलं म्हणजे पडण्याचाच भाग. मला हे पटत नाही. तो डावा हात नीट पाहा: तोल गेलेला माणूस स्वतःला सावरायला हात टेकतो, हा तर चेंडू रेषेकडे नेत होता! २०१८ मध्ये लीगने ती अट काढून टाकली. चेंडूवर ताबा, दोन्ही पाय मैदानात आणि पुढे तिसरं पाऊल किंवा रेषेकडे हात नेण्यासारखी एखादी हालचाल, एवढं आता पुरतं. आजच्या नियमाने तो झेल ठरला असता.