बडोद्यात राहून जुन्या मराठी मालिका-सिनेमांच्या कॅसेट आणि व्हीसीडी जमवायच्या तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी नुकतेच बडोद्याला आलात, आईवडिलांसाठी त्यांच्या काळातल्या घरगुती मालिका, नाटकं, सिनेमे कॅसेट-डिस्कवर जमवायचे आहेत, आणि काय घ्यावं, कुठून घ्यावं ते कळत नाही. मी इथलाच, दांडिया बाजारातला. वीसेक वर्षं हा उद्योग करतोय. बायको याला भंगार म्हणते, आणि निम्म्या मालाच्या बाबतीत तिचं बरोबर आहे.

सगळ्यात आधी सांगतो: कंपनीच्या छापील मालामागे लगेच धावू नका. तो आज ना उद्या मिळतो. २००७च्या आसपास मोझर बेअर नावाच्या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढल्या, तेव्हा लोकांनी भाजीसारख्या पिशव्या भरून नेल्या. त्या अजून कपाटांवर पडून आहेत. शुक्रवारी बाजारात चक्कर मारा, पस्तीवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला, सांगून ठेवा, घर बदलणाऱ्या ओळखीच्यांना विचारा. फक्त डबा तिथल्या तिथे उघडून बघा. एका व्हीसीडीत ७४ ते ८० मिनिटंच मावतात, म्हणून सिनेमा दोन किंवा तीन डिस्कवर असतो आणि जुन्या डब्यात दुसरी डिस्क हमखास गायब असते. माझ्याकडे नायिका रुसून माहेरी निघाली तिथवरचे पाच सिनेमे आहेत.

खरा शोध घ्यायचा तो घरी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या कॅसेटचा. आपल्या बडोदेकर मराठी घरांत त्या का सापडतात, त्याला कारण आहे. आम्हाला इथे अहमदाबादचं दूरदर्शन दिसायचं, मुंबईचं नाही. चिमणरावांना जन्म देणारे चिं. वि. जोशी इथल्या बडोदा कॉलेजात पाली शिकवायचे, पण दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ मुंबई दूरदर्शनवर गाजले तेव्हा बडोद्याने त्यांची फक्त वर्णनं ऐकली. तेव्हा घरोघरी व्हीसीआरही नव्हते. ते आले १९८२च्या एशियाडनंतर, रंगीत टीव्हीच्या मागोमाग. मग मुंबई-पुण्याचे नातेवाईक रेकॉर्ड करून पाठवायला लागले. दूरदर्शनची मराठी वाहिनी १९९४ मध्ये उपग्रहावर आली, तोवर कोणी ना कोणी मामा-मावशी हेच आमचं केंद्र.

माझा दादरचा मामा दिवाळीला चकलीच्या डब्याबरोबर एक ई-१८०, म्हणजे तीन तासांची, कॅसेट पाठवायचा. एकीवर त्याच्या अक्षरात लिहिलंय: ‘नाटक + थोड्या बातम्या + पपूचं बारसं’. नाटकाचे दोन अंक आहेत, मध्ये साबणाच्या जाहिराती, निवेदिकेचं हसणं, ‘व्यत्यय’ची पाटी. तिसरा अंक सुरू होतो, दाराची बेल वाजते, नोकर दार उघडायला जातो आणि दारात पपूचा पाळणा. कॅसेटच्या कडेचा छोटा प्लास्टिकचा टॅब तोडला की तिच्यावर रेकॉर्ड होत नाही; मामीने तोडलेल्या टॅबची खाच सेलोटेप लावून झाकली होती, म्हणजे पुन्हा रेकॉर्ड करता येतं. ते नाटक कसं संपतं ते मला आजतागायत माहीत नाही. पण त्या काळची जाहिरात, घोषणा, पाटी हे सगळं कुठल्याही कंपनीच्या डिस्कवर मिळणार नाही. टीव्ही केंद्रांवरसुद्धा टेप महाग म्हणून पुसून परत वापरायची पद्धत जगभर होती. तेव्हा अशी कॅसेट दिसली की लेबल वाचा, आणि टॅब शाबूत असेल तर तो आधी तोडा. नाहीतर तुमच्याच हातून एखाद्या दिवशी पुसली जाईल.

आता यंत्राबद्दल. कॅसेटपेक्षा प्लेअर दुर्मिळ झालाय. व्हीएचएस, म्हणजे या कॅसेटची, यंत्रं बनवणारी शेवटची जपानी कंपनी २०१६ मध्ये थांबली. चालू प्लेअर मिळाला की घासाघीस न करता घ्या, जमल्यास दोन, एक सुट्या भागांसाठी. आणखी एक बडोद्याची खास गंमत म्हणजे, इथे प्रत्येक सोसायटीत कोणाचा तरी भाऊ अमेरिकेत. त्याने तिकडून आणलेल्या कॅसेट एनटीएससी या तिकडच्या टीव्ही पद्धतीच्या असतात, आपली पद्धत पाल. साध्या प्लेअरवर चित्र नाचतं किंवा काळंपांढरं दिसतं. दोन्ही पद्धती चालवणारा मल्टिसिस्टम प्लेअर असेल तरच त्या घ्या. डीव्हीडीतही तोच घोळ: तिकडचा रीजन १, आपला ५.

कॅसेट लावण्याआधी खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे बघा. पांढरी भुरी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट प्लेअरमध्ये घातलीत की बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या दहा कॅसेटना प्रसादासारखी वाटली जाते. हे मी स्वतः करून शिकलो.

पाण्याचं तर बोलायलाच नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी चढली, तेव्हा समा भागातल्या मावशीकडे तळमजल्यावर कंबरभर पाणी होतं. दिवाणाखालच्या पेटीतल्या अकरा कॅसेट चिखलात. मावशी म्हणाली, “उन्हात टाक रे, वाळतील.” उन्हात टाकायच्या नाहीत, हेअर ड्रायर तर मुळीच नाही. मागचे पाच स्क्रू काढून कवच उघडलं, रिळं डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलवून गाळ काढला, पंख्याखाली जुन्या धोतरावर चार दिवस सावलीत ठेवली, मग दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या कवचात बसवली. अकरापैकी सात चालल्या. चित्र जुळवायला ट्रॅकिंगचं बटण फिरवत बसावं लागतं, खाली बर्फ पडल्यासारखा पट्टा दिसतो, पण आवाज स्वच्छ आहे. मावशीच्या मुलाच्या मुंजीच्या पंगतीतला वाढप्यांचा आरडाओरडा नको तितका स्वच्छ.

डिस्कबद्दल थोडक्यात. लोक चकचकीत बाजू जपतात आणि लेबलची बाजू ओरबाडतात. सीडी-व्हीसीडीत माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, तिथला ओरखडा कशानेच जात नाही. खालची बाजू हिरवट-निळसर असेल तर ती घरी लिहिलेली आहे, तिचा रंग उडायच्या आत कॉपी करा. व्हीसीडीत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं, त्यातली डॅट फाइल कॉम्प्युटरवर घ्या, व्हीएलसी या व्हिडिओ चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सरळ चालते. ही कॉपी घरापुरती ठेवा, विकायच्या किंवा इंटरनेटवर टाकायच्या भानगडीत पडू नका, हक्क दुसऱ्याचे असतात.

ठेवताना कॅसेट पुस्तकासारख्या उभ्या, पूर्ण रिवाइंड करून, भिंतीपासून जरा लांब आणि तळमजल्यावर असाल तर वरच्या फळीवर. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या.

आणि कोणाकडे मुंबई दूरदर्शनवरून रेकॉर्ड केलेलं, दारात बेल वाजून नोकर उघडायला जातो असा तिसरा अंक असलेलं नाटक सापडलं, तर मला जरूर कळवा.