वर्णपटातला प्रत्येक पीक (शिखर) ओळखता आलेच पाहिजे का?

एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातील एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिचे वडील सोलापुरात यंत्रमाग चालवतात आणि घरात इथवर शिकलेली ती पहिलीच. "मॅडम, आयआरमधला प्रत्येक पीक मला ओळखता येत नाही, तोंडी परीक्षेत मी अडकणारच," हे सांगताना तिचा आवाज कापत होता. आयआर म्हणजे अवरक्त वर्णपट, पदार्थ अवरक्त प्रकाश कुठे शोषतो याचा आलेख, आणि पीक म्हणजे त्यातले शोषणाचे टोक. कोणता बंध कुठे शोषतो याचा तक्ता तिने रात्री जागून पाठ केला होता, पण पाठांतराबरोबर भीतीही वाढत गेली होती.

समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी हाच विषय शिकवत असल्यामुळे भीतीविषयी बोलण्याआधी मी तिचा कागद मागितला. तो तिने ॲनिलिनपासून बनवलेल्या ॲसिटॅनिलाइडचा वर्णपट होता. तक्त्यात कार्बोनिलचा, म्हणजे कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा पीक १७१५ प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्येला आणि कागदावर मात्र १६६५च्या आसपास, म्हणून आपला पदार्थच चुकला अशी तिची समजूत झाली होती. मी विचारले, "मागावरचा ताणा सैल पडला तर धागा कसा हलतो?" ती लगेच म्हणाली, "सावकाश." ॲसिटॅनिलाइडसारख्या अमाइडमध्ये नायट्रोजनवरील इलेक्ट्रॉनची जोडी कार्बोनिलकडे ओढली जाते, कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध थोडा सैल होतो, सावकाश कंपतो आणि तरंगसंख्या उतरते, १७१५ हा आकडा साध्या कीटोनचा आहे.

३४३०जवळचा पसरट फुगवटा तिला उरलेल्या ॲनिलिनचा वाटत होता. ॲनिलिनचा एनएच-टू गट त्या भागात दोन पीक देतो. इथे ३२९५च्या आसपास एकच ठळक पीक होता, आणि फुगवटा नमुना ज्यात मिसळून दाबतात त्या पोटॅशियम ब्रोमाइडच्या वडीने शोषलेल्या ओलाव्याचा होता. जे दिसत नाही, तोही पुरावाच असतो.

मग आम्ही मोजले: ॲसिटॅनिलाइडमध्ये १९ अणू, म्हणजे ३×१९−६ = ५१ कंपने. ज्यांत द्विध्रुव आघूर्ण (रेणूतल्या विद्युतभाराच्या असमान वाटणीचे माप) बदलते तीच शोषण दाखवतात, काही एकमेकांवर चढतात, आणि १५००च्या खाली बरीच कंपने साऱ्या सांगाड्याची मिळून असतात. ती एकेका बंधाच्या नावावर लावता येत नाहीत, हे तिला कोणी स्पष्ट सांगितलेच नव्हते. मला याचे फार वाईट वाटले.

दोन आठवडे तक्ता मिटून ठेवायचा आणि प्रत्येक वर्णपटाखाली काय आहे, काय नाही आणि काय का सरकले, एवढेच लिहायचे, असे ठरले. पुढच्या भेटीत तिने बेंझॉइक आम्लाचा कागद आणला. ३३०० ते २५०० या रुंद पट्ट्याखाली 'आम्लाचा ओएच, हायड्रोजन बंधामुळे पसरलेला' असे लिहिले होते आणि २३५०जवळच्या बारीक जोडीखाली 'हवेतला कार्बन डायऑक्साइड'. १५००च्या खालचा भाग तिने कोरा सोडला होता, आणि त्याबद्दल मला काहीही विचारले नाही.