घरी प्रार्थना होत असताना मंडळीत का जावे?

प्रश्न : सप्रेम सलाम. 2020 च्या टाळेबंदीत आमच्या गावची उपासना बंद झाली, तेव्हा आम्ही घरी मोबाइलवर उपासना ऐकू लागलो. खरे सांगायचे तर तिथला उपदेश आमच्या मंडळीतल्या उपदेशापेक्षा सरस वाटला. पुढे चर्च उघडले आणि आम्ही पुन्हा जाऊ लागलो. गेल्या वर्षी माझे ऑपरेशन झाले. दोन आठवडे मी धुळ्याला दवाखान्यात पडून होतो, पण मंडळीतले एकही माणूस विचारपूस करायला आले नाही. तेव्हापासून मी जाणे सोडले आहे. दोघे-तिघे प्रभूच्या नावाने जमले तरी तो त्यांच्यामध्ये असतो, असे त्याचेच वचन आहे. मी व माझी पत्नी घरी वचन वाचतो, प्रार्थना करतो. एवढे पुरेसे नाही का?
— एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ते दोन आठवडे आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. आजारी माणसाकडे न जाणे ही मंडळीची चूक आहे. बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळीची जबाबदारी सांभाळणाऱ्या ज्येष्ठांना, बोलावणे पाठवावे असे सांगितले आहे. आपला निरोप गेला होता की नाही, हे पत्रावरून कळत नाही. परंतु निरोप गेला नसला, तरी लागोपाठ दोन रविवार आपली जागा रिकामी दिसत असताना कोणालाही चौकशी करावीशी वाटू नये, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

आता आपण आधार घेतलेल्या वचनाकडे वळू. ते मत्तयाच्या 18 व्या अध्यायातले 20 वे वचन आहे, आणि त्याच्या आधीची पाच वचने वाचली तर ध्यानात येते की तिथे विषय घरगुती प्रार्थनेचा नाही, तर दुखावलेल्या भावाचा आहे. तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर त्याच्याकडे जा, एकांतात त्याला त्याची चूक दाखव. तो ऐकत नसेल तर आणखी एकदोघांना सोबत घे. तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग, असा तो क्रम आहे. म्हणजे ज्या वचनाच्या आधाराने आपण घरी थांबलात, तेच वचन दुखावलेल्या माणसाला उठून समोरच्याकडे जायला सांगणाऱ्या अध्यायात आहे. पतिपत्नींनी मिळून केलेली प्रार्थना देव ऐकतो यात शंका नाही, आणि ती आपण कधीही सोडू नये. पण ती मंडळीच्या जागी उभी करता येत नाही.

का येत नाही, याचे उत्तर फार जुन्या काळातही सापडते. इ. स. 155 च्या सुमारास जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विचारवंताने रोमच्या सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या निवेदनात रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. शहरातले आणि खेड्यातले सगळे एका ठिकाणी जमत. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचले जात. बोध, प्रार्थना आणि मग प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस वाटून घेणे, होई. आणि जे येऊ शकले नसतील त्यांचा वाटा सेवक त्यांच्या घरी पोचवीत. दानाचे पैसे अनाथ, विधवा आणि आजारी यांच्यासाठी ठेवले जात. मंडळी एकत्र जमत असे म्हणूनच कोण आले नाही हे कळे, आणि कळले म्हणून भाकर त्याच्या दारापर्यंत जाई. आपल्या बाबतीत नेमके हेच राहून गेले. मात्र मोबाइलवर उत्तम उपदेश करणाऱ्या पाळकांना आपण ऐकत आहात की दवाखान्यात आहात, हे कधीही कळणार नाही.

यावल तालुक्यातील एका लहानशा मंडळीत आम्ही पाहिलेली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. सत्तरीच्या एक आजी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले गीतपुस्तक दर रविवारी आणतात; त्यांना वाचता येत नाही. शेजारी बसणारी शाळकरी मुलगी प्रत्येक ओळ अर्धा क्षण आधी त्यांच्या कानात सांगते, आणि आजी ती मोठ्याने गातात. एका रविवारी मुलगी परीक्षेमुळे आली नाही, तेव्हा आजी पुस्तक मांडीवर ठेवून नुसत्या टाळ्या वाजवीत बसल्या होत्या. त्या दिवशी प्रार्थनेच्या विनंत्या घेताना त्या अहिराणीत एवढेच म्हणाल्या, “देवबा, मना पोर्‍याले सांभाळ.” मुलगा सुरतेला कामाला गेलेला, हे त्या खोलीत सर्वांना ठाऊक होते, म्हणून ‘आमेन’ फार जड आवाजात आले. त्या मुलीला उपदेशातले किती समजत असेल कोण जाणे. पण आजींना तिची गरज आहे. आपलीही अशीच गरज कोणाला तरी असेल, ही गोष्ट घरी बसून कळत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919) ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि भजन रुजवले, तेही सर्वांनी मिळून गाण्यासाठीच. ध्रुपद उचलून धरणारा कोणी नसेल तर भजन अपुरे राहते. प्रेषित पौलानेही कलस्सैकरांना, म्हणजे कलस्सै गावच्या मंडळीला, स्तोत्रे व गीते गाऊन एकमेकांना शिकवा असेच लिहिले.

उपदेशाविषयीची आपली तक्रार खरी असू शकते. चांगला संदेश मोबाइलवर जरूर ऐका, आणि त्यातला एखादा मुद्दा आपल्या पाळकांशी बोला. भुसावळसारख्या ठिकाणी रविवारीही पाळी असणारे रेल्वे कामगार, किंवा घरात अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळणारे, यांनी मात्र न जाण्याचा अपराध मनाला लावून घेऊ नये. त्यांच्यासाठी आठवड्यातली एखादी सायंप्रार्थना त्यांच्याच घरी भरवणे हे मंडळीचे काम आहे.

आपण मात्र रविवारची वाट न पाहता आधी एखाद्या वडिलांना एकांतात गाठावे आणि धुळ्याच्या त्या दोन आठवड्यांविषयी न रागावता, पण काहीही न लपवता सांगावे. मग येत्या रविवारी उपासनेला जाल, तेव्हा आपल्या रांगेत कोणाची जागा रिकामी आहे ते पाहून ठेवा, आणि परतताना त्या घरावरून या.