थकलेलं भाडं आणि न थकणारी चीर

प्रश्न असा आला आहे: 'पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणं काढतो आहे. फटीग क्रॅक ग्रोथ टेस्टला धातूच्या थकव्यामुळे भेग वाढण्याची चाचणी म्हटलं तर चालेल का? की श्रांती म्हणू? आणि क्रॅकला भेग, तडा, चीर यांपैकी काय घ्यावं?'

'भेग' आधी खोडा. भेग पडते ती सुकून, आकसून: टाचांना, उन्हाळ्यात शेताला. धातू सुकत नाही. कोश तडा म्हणजे भेग, भेग म्हणजे चीर, चीर म्हणजे फट असं गोल फिरवतात. बरोबरचं क्रियापद बघायची तसदी घेत नाहीत. तडा जातो, भेग पडते, फट राहते. विश्वासाला तडा जातो, भेग पडल्याचं कुणी ऐकलंय? तड्यात तडकणं आहे, 'तड्' असा आवाज आहे. तो एका क्षणाचा मामला.

म्हणूनच हिवाळ्यात दरवर्षी येणारी 'थंडीमुळे रुळाला तडा' ही बातमी वाचली की डोकं उठतं. तडा हा शब्द बरोबर, 'थंडीमुळे' अर्धंच खरं. लांबच्या लांब जोडलेला रूळ थंडीत आकसू पाहतो, आकसता येत नाही, म्हणून ताणला जातो हे कबूल. पण पुष्कळदा आत एखादी बारीक चीर चाकांखाली आधीपासून वाढत असते. थंडी तिला शेवटचा हिसका देते, इतकंच. चीर वाढते आणि मग तडा जातो: प्रयोगशाळेतही क्रम हाच.

आता थकवा, म्हणजे पुन्हा पुन्हा भार चढून-उतरून धातूत चीर पडणं आणि वाढत जाणं. लोखंड 'थकल्याने' पूल पडला असं लिहिणाऱ्यांना बहुधा वाटतं की त्याला चार दिवस सुट्टी दिली असती तर ते सावरलं असतं. चाचणीचं यंत्र रात्रभर बंद ठेवा. सकाळी चीर होती तिथेच, होती तेवढीच. पण या शब्दाची खरी गंमत पुढेच आहे. थकणे या क्रियापदाचा मूळ अर्थ दमणे नाहीच, थांबणे आहे. प्राकृतात 'थक्कइ' म्हणजे उभा राहतो, थांबतो. बाराव्या शतकातला हेमचंद्र आपल्या व्याकरणात 'स्था' (उभं राहणे) या संस्कृत क्रियाधातूच्या जागी येणाऱ्या रूपांत 'थक्क' देतो. बंगालीत 'थाका' म्हणजे आजही राहणं. आणि बंगालपर्यंत जायचं तरी कशाला? भाडं थकतं, वीजबिल थकतं, हप्ते थकतात. बिल काय धावून दमलेलं असतं? ते अडलेलं असतं. थकबाकी या रोजच्या शब्दात हजार वर्षांपूर्वीचा अर्थ धडधाकट बसला आहे, आणि नोटीस हातात घेऊनही आपल्याला तो दिसत नाही. 'थक्क झालो' म्हणजेही जागच्या जागी थांबलो. 'उभा ठाकला' मधला ठाकणे याचाच सख्खा भाऊ, असं माझं ठाम मत आहे. काहीजण थकणे 'स्थग्' वरून आणतात. स्थग् म्हणजे झाकणे. त्यातून ठग निघतो हे पटतं, पण झाकण्यातून दमणं काढायचं तर व्युत्पत्तीपेक्षा कल्पनाशक्तीच जास्त लागते.

म्हणजे 'थकव्याने चीर वाढते' याचा जुन्या अर्थाने शब्दशः अर्थ काय झाला? थांबल्याने वाढते! प्रत्यक्षात चिरेला नीट 'थकली' म्हणता येईल अशी जागा या चाचणीत एकच आहे. भार कमी करत आणला की एका टप्प्याला चीर दर आवर्तनाला, म्हणजे भार एकदा चढून उतरला की, जेमतेम मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाएवढी सरकते, म्हणजे लोखंडाच्या एका अणूच्या व्यासापेक्षाही कमी. चाचणीच्या प्रमाण पद्धतीत व्यवहारापुरती ती तिथे थांबली असं धरतात. ही खरी थकलेली चीर.

तरीही थकवा ठेवा. इंग्रजांनीही माणसाचाच शब्द उचलला होता; फ्रेडरिक ब्रेथवेटने १८५४ साली लंडनमध्ये वाचलेल्या निबंधाच्या शीर्षकातच धातूंचा 'फटीग' आहे. तो आता रुळला. 'श्रांती' मात्र नको. ती ऐकली की लगेच विश्रांती आठवते, आणि तो गैरसमज तर आपल्याला घालवायचा आहे.

टिपणांत खाच आणि चीर यांची गल्लत अजिबात करू नका. दोन भोकं पाडलेल्या चौकोनी ठोकळ्यात वायरकटने, म्हणजे ठिणग्यांनी कापणाऱ्या बारीक तारेने, काढतात ती खाच. ती कितीही बारीक काढली तरी तिचं टोक खऱ्या चिरेइतकं तीक्ष्ण होत नाही. म्हणून भोकांत पिना घालून ठोकळा आधी हलक्या भाराने पुन्हा पुन्हा ताणतात आणि खाचेच्या टोकातून चीर उगवू देतात. खरं मोजमाप त्यानंतर. चिवट पोलादाची भंगरोधकता, म्हणजे चीर असतानाही न तुटण्याची ताकद, काढताना तर चाचणी संपल्यावर ठोकळा भट्टीत तापवतात. चीर जिथवर गेली तिथवरचा उघडा पृष्ठभाग हवेने रंग धरतो. मग थंड करून ठोकळा फोडतात, आणि रंग चढलेला भाग कुठे संपतो ते नऊ ठिकाणी मोजतात. पलीकडचा चकचकीत भाग नंतर फोडलेला. त्याला चिरेची वाढ म्हणायचं नाही.

तेव्हा 'थकवा-चीर वाढ चाचणी' लिहा. तुम्ही विचारलं नव्हतं, पण स्पेसिमेन आणि सॅम्पल दोन्हींना नमुना म्हणू नका. पट्टीतून कापून घेतला तो नमुना. त्यातून मापात घडवला तो चाचणीखंड. कारखान्यात त्याला सरळ टेस्ट पीस म्हणतात, तोही चालेल.