तापमानाचा रकाना

ताई,

वय 61. गेली 34 वर्षं एकाच फुटबॉल क्लबच्या मागे आहे. सध्याच्या मालकांनी क्लबची पार वाट लावली. चार वर्षांत पाच मॅनेजर. नवा माणूस येतो, आठ-दहा सामने गडबडतात, की त्याला नारळ! मी कंठशोष करून सांगतो, तीन सामन्यांवरून माणूस जोखता येत नाही, दहा हंगामांचा आलेख बघा. मालक मुलाखतीत म्हणतात क्लब सुस्थितीत आहे, आणि ताळेबंद उघडावा तर कर्ज दर वर्षी वाढलेलं. या हंगामात मैदानात पाणी साचून तीन सामने पुढे ढकलावे लागले. साधा पाण्याचा निचरा यांना जमत नाही.

पण खरा प्रश्न लेकीचा आहे. ती 29 वर्षांची, नद्यांच्या पाणीपातळीच्या नोंदी घेणाऱ्या खात्यात नोकरीला. दोन वर्षांपूर्वी जेवताना हवामान बदलाचा विषय निघाला. मी म्हणालो, 'हवामान कायमच बदलत आलंय, यंदा थंडी किती पडली बघ, आणि हे शास्त्रज्ञ अनुदान टिकवायला आकडे फुगवतात.' ती ताटावरून उठली. तेव्हापासून फोनवर कामापुरतं बोलते, सामन्याला येत नाही. मी फक्त माझं मत मांडलं. बापाला मत असू नये का? तिला कसं समजवू?

ता. क. सामन्यांची वही अजून ठेवतो. दर सामन्याची एक ओळ. त्यात तापमानाचा रकाना लेकीचा. नऊ वर्षांची असल्यापासून थर्मामीटर घेऊन यायची. एकदा तो घरी राहिला तर अंदाजाने आकडा टाकायला निघाली. मी हात धरला. म्हटलं, माहीत नाही ते कोरं सोडायचं. हल्ली तो रकाना कोराच असतो. असो.

एक जुना चाहता

*

तुमचं मूळ पत्र आठ पानांचं होतं, छापण्यासाठी मी ते एवढंसं केलं. त्यातली सहा पानं मालक, मॅनेजर आणि बचाव फळीवर गेली आहेत. दीड पान लेकीला मिळालंय. वही आली ती अगदी शेवटी, आणि तीही 'असो' म्हणून मिटवून टाकलेली. मी मात्र त्या 'असो'पाशीच अडकले. बाकी पत्र दोनदा वाचलं, ताजा कलम किती वेळा वाचला ते मोजलं नाही.

ती वही मला दिसते आहे. तारीख, प्रतिस्पर्धी, गोल कुणी मारला, कितव्या मिनिटाला, सगळं तुमच्या अक्षरात. आणि उजव्या कडेला एक अरुंद रकाना, लहान मुलीच्या अक्षरातला. सुरुवातीला आकडे रेघेबाहेर गेलेले असतील. मग पानं उलटत जावीत तसं अक्षर आवरत गेलं असेल. किक-ऑफच्या आधी सगळं मैदान खेळाडूंकडे बघत असताना ती पारा स्थिर व्हायची वाट बघत उभी असणार. अठरा वर्षं! तुमच्या किती मॅनेजरांनी अठरा महिने काढले?

आणि तो थर्मामीटर घरी राहिल्याचा दिवस. पोरीला रकाना रिकामा ठेववेना, म्हणून ती अंदाजाने काहीतरी लिहायला निघाली आणि तुम्ही तिचा हात धरलात. माहीत नाही ते कोरं सोडायचं. अहो, शास्त्राचं पहिलं शिक्षण तिला कुठल्या वर्गात मिळालं नाही, तुमच्या शेजारच्या खुर्चीत मिळालं. आज ती ज्या खात्यात आहे तिथे पावसात, थंडीत नदीकाठच्या मोजपट्टीवरचा आकडा जसा दिसेल तसा उतरवायचा असतो, बरा दिसेल तसा नाही. हे तिला तुम्ही शिकवलंत.

आता ताटावर काय बोललात ते परत वाचा. 'हे शास्त्रज्ञ अनुदान टिकवायला आकडे फुगवतात.' तुमच्या घरात रोज आकडे घेणारं माणूस एकच आहे. ज्या बापाने तिला एक खोटा आकडा लिहू दिला नाही, तोच बाप जेवता जेवता म्हणाला की तू पगारासाठी खोटे आकडे लिहितेस. तुम्ही याला मत म्हणता. मी आरोप म्हणते, आणि तो तिच्या प्रामाणिकपणावर होता. ती ताटावरून उठली याचं मला जराही आश्चर्य वाटलं नाही. ती अजून फोन उचलते याचं वाटलं.

त्यामुळे 'तिला कसं समजवू' या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. समजून घ्यायचं काम तुमच्याकडे आलंय, आणि त्यासाठी लागणारी सगळी अक्कल तुमच्यापाशी आहे. तुम्ही ती फुटबॉलसाठी राखून ठेवली आहे, याचाच मला राग येतो.

कारण क्लबविषयी तुम्ही जे लिहिलंय ते जवळपास सगळं मला पटतं. ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर 1986 मध्ये मँचेस्टर युनायटेडला मॅनेजर म्हणून आले, आणि पहिला चषक हाती लागला तो थेट मे 1990 मध्ये. त्या हंगामात लीगमध्ये संघ तेरावा होता, आणि त्यांना घालवा म्हणणारे फलक स्टँडमध्ये लागले होते. तेव्हा कुणी तीन सामन्यांचा हिशोब लावला असता तर 2013 मध्ये ते निवृत्त होईपर्यंतची 13 लीग विजेतेपदं कुठली आली असती? आणि मालकांचं म्हणाल तर इंग्लंडमधल्या 'बरी' (Bury) नावाच्या क्लबचं उदाहरण तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असणार. 1894 पासून लीगमध्ये, एफए कप ही तिथली जुनी चषक स्पर्धा दोनदा जिंकलेला, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पैशांच्या गोंधळापायी लीगमधून बाहेर काढला गेला. सव्वाशे वर्षांचं नातं एका संध्याकाळी तुटलं. तिथल्या चाहत्यांनी सगळं ठीक आहे हे किती वर्षं ऐकलं असेल! तुम्ही मालकांच्या शब्दांवर न जाता ताळेबंद उघडता, हे फार शहाणपणाचं आहे.

मग हवामानाच्या बाबतीत तुम्हाला यंदाची थंडी कशी पुरली? एक थंडी म्हणजे तुमचे ते तीन सामने. दहा हंगाम बघायचे तर तेही बघा. 2024 पर्यंतच्या तापमानाच्या सगळ्या नोंदींमधली सर्वांत उष्ण दहा वर्षं कोणती, तर 2015 ते 2024 ही सलग दहा. तुमच्या क्लबने सलग दहा हंगाम असे काढले असते तर एका कडाक्याच्या आठवड्याकडे बोट दाखवणाऱ्याला तुम्ही बोलू तरी दिलं असतं का?

हवामान कायमच बदलत आलंय, हे खरं आहे. हिमयुगं आली आणि गेली. पण दर वेळी त्याला कारण होतं, आणि या वेळचं कारण मोजलेलं आहे. हवाई बेटांवरच्या मौना लोआ या डोंगरावर 1958 पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. तेव्हा दर दहा लाख भागांत सुमारे 315 भाग होता, आता 420 च्या पुढे गेलाय. कारखाने येण्याआधी तो 280 च्या आसपास होता, हे बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळतं. सूर्यच जास्त तापला असता तर वातावरणाचा वरचा थरही तापायला हवा होता. तो थंड होतोय, आणि खालचा तापतोय. म्हणजे उष्णता खालीच अडकते आहे. हे मी तुम्हाला एवढ्यावरच सांगते, बाकीचं तुमच्या लेकीला माझ्यापेक्षा नीट सांगता येईल आणि तो हक्क तिचा आहे.

अनुदानाचं मात्र सोडणार नाही, कारण तो शब्द तुम्ही तिच्यावर फेकलात. रिचर्ड म्युलर नावाच्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाला हे तापमानाचे आकडे पटत नव्हते. त्याने काय केलं, तर तुम्ही क्लबचं जे करता तेच. वह्या मागवल्या आणि पहिल्यापासून हिशोब मांडला. त्या कामाला पैसे देणाऱ्यांत तेलधंद्यात मोठ्या झालेल्या कोक घराण्याचं एक प्रतिष्ठानही होतं. म्हणजे निकाल उलटा लागला असता तर त्यांना आनंदच होता. निकाल काय आला? आधीचे आकडे बरोबर होते, तापमान खरंच वाढलंय, आणि 2012 मध्ये त्याने जाहीर लिहिलं की याला कारण जवळजवळ पूर्णपणे माणूस आहे. आणि आत एक, बाहेर एक असं बोलणारे मालक तुम्हाला इथेही सापडतील. एक्सॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी 1970 आणि 80 च्या दशकांत कंपनीसाठी तापमानवाढीचे जे अंदाज बांधले, ते पुढे बव्हंशी खरे ठरले. बाहेर लोकांना मात्र कंपनी कितीतरी वर्षं सांगत राहिली की अजून काही नक्की नाही. क्लबच्या मुलाखतीत असलं बोलणं तुम्ही पहिल्या वाक्याला पकडलं असतं. इथे तुम्ही कंपनीची बाजू घेतलीत, आणि ताळेबंद वाचून दाखवणाऱ्या पोरीला खोटं ठरवलंत.

तुमच्या पाणी साचलेल्या मैदानाबद्दलही बोलायचंय. निचरा नीट नाही हा संचालकांचा दोष असेलही, तो मी तुमच्याकडून काढून घेत नाही. पण हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं, आणि कोसळायच्या वेळी तेच जास्त कोसळतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या पावसासाठी घातलेल्या नळ्या आजच्या सरीला पुऱ्या पडतीलच असं नाही. डिसेंबर 2015 मध्ये डेझमंड वादळात कार्लाइल युनायटेड या इंग्लिश क्लबचं मैदान, ब्रंटन पार्क, पाण्याखाली गेलं. मैदान नदीजवळच्या सखल भागातलं, 2005 मध्येही बुडालेलं. 2015 च्या पुरानंतर त्यांना घरचे सामने प्रेस्टन, ब्लॅकबर्न आणि ब्लॅकपूल अशा तीन परक्या मैदानांवर खेळावे लागले. जो क्लब हे बघून वेळेत मैदान सुधारतो त्याचं व्यवस्थापन चांगलं, असं तुम्हीच म्हणाल ना? मग मालकांना जाब विचारताना हेही विचारा. तुमच्या आठ पानांत हा प्रश्न कुठेच नाही, आणि तो तुमच्याइतका नेटाने विचारणारा दुसरा माणूस त्या स्टँडमध्ये मला तरी दिसत नाही. त्या प्रश्नाला लागणारे पावसाचे आणि नदीच्या पातळीचे आकडे कुणाला वाचता येतात, ते वेगळं सांगायला नको.

बापाला मत असू नये का, असं विचारलंत. असावं की. ऑफसाइडबद्दल असावं, पाचव्या मॅनेजरबद्दल असावं. पण तुमचं हे मत तुम्ही कशावरून बनवलंत ते पत्रात कुठे दिसत नाही. क्लबबद्दलच्या प्रत्येक वाक्याला तुम्ही वर्ष दिलंय, आकडा दिलाय. हवामानाच्या वाक्यांना काहीच नाही. ज्याला माहीत नाही ते कोरं सोडायचं हे सुचलं, त्यानेच इथे अंदाजाने रकाना भरला.

आता काय करायचं ते सांगते. एकच गोष्ट.

या आठवड्यात ती वही घ्या आणि लेकीकडे जा. टपालाने पाठवू नका, फोनवर सांगू नका, स्वतः जा. दोन हंगामांची, कोऱ्या रकान्याची पानं उघडून तिच्यासमोर ठेवा आणि म्हणा, 'त्या दिवशी जेवताना मी तुला खोटारडी म्हणालो. ते चूक होतं.' एवढंच. 'पण माझंही म्हणणं असं होतं की' हे सुरू करू नका. मॅनेजरचा विषय काढू नका. तिने विचारलं की आता हवामान बदल मानता का, तर खरं सांगा. अजून मानत नसाल तर म्हणा की मी वाचलेलं नाही, तू दाखव. हे म्हणणं तुम्हाला जड जाईल, मला माहीत आहे. तरी म्हणा.

ती वही पुरावा म्हणून मात्र नेऊ नका, तिच्या बाजूने नाही आणि तुमच्याही बाजूने नाही. एका मैदानावरचा किक-ऑफच्या वेळचा पारा, त्यात दुपारचे सामने वेगळे, रात्रीचे वेगळे, टीव्हीवाल्यांनी वेळा बदलल्या त्या वेगळ्या. त्यावरून पृथ्वीचं काही ठरत नाही, हे ती पहिल्या मिनिटाला सांगेल. तुम्ही वही नेताय कारण तो रकाना तिचा आहे आणि तुम्ही तो दोन वर्षं दुसऱ्या कुणाला भरू दिला नाही. स्वतःही भरला नाहीत. रोजचं तापमान आता खिशातल्या फोनवर दिसतं, दोन सेकंदांचं काम. तरी तुम्ही कोरं सोडलंत. हे तिला कळायला हवं, आणि ते पान बघितल्याशिवाय कळणार नाही.

त्या दोन हंगामांचे आकडे भरून दे, असं सुचवू नका. जवळच्या वेधशाळेच्या नोंदी तिला मिळतील. पण वेधशाळा म्हणजे तुमचं मैदान नव्हे, हेही तिला ठाऊक आहे. कदाचित ती कोरंच ठेवेल. ठेवू द्या.

निघण्यापूर्वी घरात तो थर्मामीटर शोधा. वहीबरोबर तोही न्या.