जुन्या पीव्हीसी फिगरवरचे (कार्टून-गेममधल्या पात्रांच्या प्लास्टिकच्या मूर्तींवरचे) डाग रंग न उडवता कसे काढायचे?

आधी डाग कसला ते बघा. धूळ किंवा चिकटपणा असेल तर अर्धा लिटर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे 4-5 थेंब टाकून मऊ टूथब्रशने हलकेच घासा. पाणी उकळतं नको, पातळ तलवारी आणि केसांच्या बटा वाकतात. चिकटपणा हे बऱ्याचदा आतून बाहेर येणारं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) असतं. काही महिन्यांनी परत आलं तर पुन्हा धुवायचं.

बॉलपेनची शाई प्लास्टिकमध्ये मुरते, साबणाला दाद देत नाही. त्यावर मेडिकलमध्ये मिळणारं मुरमांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड जेल (2.5 किंवा 5 टक्के) फक्त डागापुरतं लावा, वर क्लिंग फिल्म गुंडाळा, उन्हात ठेवा आणि दर दोन तासांनी तपासा. मात्र हे ब्लीच आहे! रंगवलेल्या किंवा गडद भागावर कधीच लावू नका. आधी फिगरच्या तळपायावर करून बघा.

नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर पूर्ण वर्ज्य, प्लास्टिकच विरघळतं. स्पिरिटने डोळ्यांची छपाई पुसली जाते.

बेळगावच्या पावसाळ्यात ऊन मिळत नाही आणि सांध्यांत शिरलेलं पाणीही वाळत नाही, मग बुरशी धरते. शाईचं काम दिवाळीनंतर काढा. तेव्हाही धुतल्यावर हात-डोकं सुटं करून पंख्याखाली रात्रभर वाळवा.