दक्षिण स्पेन, दोन मोठी मुलं आणि अल्हाम्ब्राचं तिकीट

तुमचा बेत असा आहे: १३ आणि १६ वर्षांची मुलं, मे महिन्यातल्या आठ रात्री, माद्रिदला उतरायचं आणि मालागाहून परतायचं. मध्ये कोर्दोबा, सेव्हिल, ग्रानादा, रोंदा, आणि मुलांचा हट्ट म्हणून एक दिवस बोटीने मोरोक्को. विमान आणि हॉटेलं ठरली आहेत, 'अल्हाम्ब्राचं (ग्रानादातल्या जुन्या किल्ला-महालाचं) तिकीट तिथे गेल्यावर बघू.' हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. आम्हीही नेमकं हेच केलं होतं आणि सगळ्या सहलीत तीच एक चूक सगळ्यात महाग पडली.

सामान, सिमकार्ड, प्लग वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीत असेलच. दर आणि वेळा सारख्या बदलतात, त्या पैसे भरण्याआधी अधिकृत पानावर स्वतः तपासा. मतं माझी आहेत, पटली तर घ्या.

दक्षिण स्पेनची सहल एका वेळेला टांगलेली असते, आणि ती वेळ म्हणजे अल्हाम्ब्रातल्या नास्रीद (ग्रानादाच्या मुस्लिम सुलतानांच्या घराण्याचं नाव) राजवाड्यांची. किल्ला, बागा आणि राजवाडे मिळून तो डोंगर मोठा आहे, पण फोटोत दिसणारं कोरीव नक्षीकाम आणि बारा सिंहांचं कारंजं राजवाड्यांतच आहे. तिथे दर अर्ध्या तासाला ठरावीक माणसंच सोडतात. मे महिन्यातल्या चांगल्या वेळा कित्येक आठवडे आधी संपतात. म्हणून आधी हे तिकीट, मग त्या तारखेभोवती ग्रानादाचं हॉटेल, मग रेल्वे. तुमचं उलट झालंय, पण हॉटेलं रद्द करता येण्यासारखी असतील तर अजून हातात वेळ आहे. तिकीट ज्या दिवसाचं मिळेल त्याप्रमाणे शहरांचा क्रम फिरवा.

आता आमची चूक. अधिकृत पानावर आमच्या तारखेला जागा दिसेनात, म्हणून एका मध्यस्थ संकेतस्थळावरून 'अल्हाम्ब्रा प्रवेश' अशा नावाचं तिकीट घेतलं. ते निघालं बागांचं. हेनेरालिफे (बागा) आणि अल्कासाबा (किल्ला) त्यात होतं, राजवाडे नव्हते. दारावरच्या माणसाचा काही दोष नाही, तिकिटावर जे होतं तेच त्याने वाचून दाखवलं. पण ज्यांनी विकलं त्यांनी 'वर्णनात कुठेही राजवाडे लिहिलेले नाहीत' एवढंच उत्तर तीन वेळा पाठवलं आणि एक पैसा परत केला नाही. त्यांचं नाव घेत नाही, कारण असंच विकणारे डझनभर आहेत. मनस्ताप पैशांचा नव्हता. इतक्या लांब मुलांना नेऊन मुख्य गोष्टच दाखवता आली नाही, याचा राग अजून जात नाही.

तेव्हा तिकीट वाचायला शिका. 'अल्हाम्ब्रा जनरल' यात तिन्ही येतं: राजवाडे, हेनेरालिफे, अल्कासाबा. 'हार्दिनेस' हा शब्द दिसला की समजा फक्त बागा आणि किल्ला. जनरल तिकिटावर छापलेली वेळ राजवाड्यांच्या दारावरची असते, डोंगराच्या मुख्य फाटकावरची नाही. मुख्य प्रवेशापासून राजवाड्यांपर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि रांग वेगळीच. छापलेल्या वेळेपासून अर्ध्या तासाच्या आत आत शिरावं लागतं, उशिरा गेलात तर विनवण्या करून उपयोग नाही. आत गेल्यावर मात्र कितीही वेळ थांबा, कोणी बाहेर काढत नाही. वेळ साडेदहाची असेल तर साडेआठला पोचा, आधी अल्कासाबा उरका (ते राजवाड्यांच्या अगदी शेजारी आहे), मग राजवाडे, आणि हेनेरालिफे शेवटी. उलटं केलंत तर मुलं एकाच डोंगरावर दोनदा चढतील आणि तिसऱ्या ठिकाणी तोंड पाडून बसतील.

वर जायला प्लासा इसाबेल ला कातोलिकाजवळून सी-३० नंबरची छोटी बस मिळते. चढण चालत जायचा मोह टाळा, पाय आत लागणार आहेत.

तिकिटं नावावर आणि पासपोर्ट क्रमांकावर असतात, मुलांचीसुद्धा, आणि मूळ पासपोर्ट दाखवावे लागतात. फॉर्म भरताना आपल्याकडच्या लोकांची गाडी तीन ठिकाणी अडते. कागदपत्राचा प्रकार निवडताना 'पासापोर्ते' निवडा. 'डीएनआय' हे स्पॅनिश नागरिकांचं ओळखपत्र, आठ आकडे आणि शेवटी एक अक्षर अशी त्याची रचना असते. आपला क्रमांक म्हणजे आधी अक्षर आणि मग सात आकडे, तो तिथे स्वीकारलाच जात नाही, आणि लोकांना वाटतं संकेतस्थळ बिघडलंय. दुसरं म्हणजे नाव. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं, म्हणून फॉर्ममध्ये 'प्रिमेर आपेयीदो' आणि 'सेगुंदो आपेयीदो' असे दोन रकाने असतात. पहिल्यात आपलं आडनाव लिहा, दुसरा सक्तीचा नसेल तर रिकामा सोडा. वडिलांचं नाव त्यात घुसवू नका. ते पासपोर्टवर मुलाच्या नावाबरोबर छापलेलं असेल तर इथेही नावाच्याच रकान्यात, त्याच क्रमाने टाका.

तिसरी अडचण मुलांच्या पासपोर्टची. अठरा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट बहुधा पाच वर्षांचाच असतो. शेंगेन देशांतून (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) बाहेर पडल्यानंतर तीन महिने तो वैध हवा, त्यामुळे सहलीच्या तोंडावर नूतनीकरण करावं लागतं आणि क्रमांक बदलतो. म्हणून आधी पासपोर्ट तपासा, लागला तर नवा काढा, मगच तिकीट घ्या. तिकीट जुन्या क्रमांकावर घेऊन बसला असाल तर रद्द केलेला जुना पासपोर्टही बरोबर ठेवा आणि अधिकृत कार्यालयाला निघण्याआधी ईमेल करून उत्तराची छापील प्रत घ्या.

जनरल तिकीट संपलंच असेल तर एवढं करून बघा. अधिकृत पान रोज उघडा, सुटलेल्या जागा परत येतात, चार माणसांना एकाच वेळेची मिळणं कठीण असलं तरी. 'दोब्ला दे ओरो' नावाचं एकत्रित तिकीट पाहा, त्यात राजवाडे असतात आणि शहरातली काही जुनी घरंही, आणि त्याच्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं. रात्रीच्या भेटीचं तिकीट वेगळं मिळतं. उन्हाळी मोसमात रात्री दहानंतर राजवाडे दाखवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बागांचं तिकीट घेतलं की दोन्ही मिळून जवळजवळ सगळं बघून होतं. मोठ्या मुलांबरोबर मला हाच पर्याय जनरलपेक्षाही आवडतो. रात्री गर्दी कमी, ऊन नाही, आणि त्या वयाची मुलं दहा वाजता पूर्ण जागी असतात. शेवटचा मार्ग म्हणजे अधिकृत गाइडची सहल. महाग पडते, पण पैसे देण्याआधी 'पालासिओस नासारिएस' (नास्रीद राजवाडे) हे शब्द लेखी दिसले पाहिजेत.

व्हिसाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. १२ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात. मे महिन्याच्या सहलीसाठी ही भेट नेमकी मार्च-एप्रिलमध्ये, मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत येते आणि तेव्हाच तारखा मिळत नाहीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तर परीक्षेआधीच उरका. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या अर्जावर दोन्ही पालकांच्या सह्या लागतात, जन्माचा दाखला जोडावा लागतो, आणि एक पालक बरोबर येणार नसेल तर नोटरी केलेलं संमतिपत्र. विमा किमान ३० हजार युरोंचा.

यातूनच मोरोक्कोचं उत्तर मिळतं. व्हिसावर 'सिंगल एंट्री' असेल तर तारिफाहून तांजिएरला बोट पकडली की शेंगेन व्हिसा संपला, परत स्पेनमध्ये येता येणार नाही. मल्टिपल एंट्री असली तरी मोरोक्कोचा व्हिसा वेगळा लागतो. आठ रात्रींत हे बसत नाही. काढून टाका.

त्याऐवजी मालागाच्या बाजूला 'कामिनितो देल रेय' करा. दरीच्या भिंतीला ठोकलेली, खाली शंभरेक मीटर पोकळी असलेली ही पायवाट २०१५ साली नव्याने बांधून उघडली. प्रवेश आठ वर्षांवरच्यांनाच, म्हणून मुलांच्या वयाचा पुरावा, म्हणजे पासपोर्ट, हवाच. हेल्मेट तिथे देतात, उघड्या चपला चालत नाहीत. वाट एकाच दिशेची आहे, उत्तरेकडून दक्षिणेकडे. उत्तरेच्या तपासणी चौकीपर्यंत पोचायलाच बसथांब्यापासून दीड किंवा पावणेतीन किलोमीटर चालावं लागतं, कुठल्या बोगद्यातून शिरता त्यावर अवलंबून. या चालण्याचा हिशोब न धरल्याने धापा टाकत पोचून आपली वेळ गमावणारे बरेच असतात. दक्षिणेच्या टोकाला एल चोरो स्टेशन, मालागाहून तिथवर रेल्वे आहे पण गाड्या मोजक्याच. दोन्ही टोकांमध्ये ने-आण करणारी बस आहे. वाऱ्याचा जोर असला तर वाट बंद ठेवतात, सोमवारी सुट्टी असते. हेही तिकीट आधीच काढायचं. उंचीची भीती असलेलं कोणी घरात असेल तर त्याऐवजी नेर्खाच्या गुहा पाहा. त्या १९५९ मध्ये पाच मुलांनीच शोधून काढल्या, हे सांगितलं की निम्मं काम होतं.

कामिनितो आणि रोंदा दोन्ही करू नका. रोंदाचा पूल (पुएंते नुएव्हो, १७९३) जवळपास शंभर मीटर खोल दरीवर आहे आणि सुंदर आहे, पण मालागाहून बसने जाण्यायेण्यात चार तास जातात. मोठ्या मुलांबरोबर रोज एकच मोठी गोष्ट ठेवावी. माझ्या मते रात्रींची वाटणी अशी हवी: माद्रिद एक, सेव्हिल तीन, ग्रानादा दोन, मालागा दोन. कोर्दोबात राहायची गरज नाही. माद्रिदहून वेगवान रेल्वेने पावणेदोन तासांत तिथे उतरा, सामान ठेवायच्या जागेत ('कोन्सिग्ना' अशी पाटी शोधा) बॅगा टाका, मेस्किता बघा आणि संध्याकाळच्या गाडीने पाऊण तासात सेव्हिल गाठा. आठशेहून जास्त खांबांच्या त्या जुन्या मशिदीत मधोमध सोळाव्या शतकातलं कॅथेड्रल उभं आहे, मुलं तिथे आपणहून प्रश्न विचारतात. रविवारी मात्र हा मुक्काम ठेवू नका, प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत.

रेल्वेत चढण्याआधी सामानाची तपासणी होते आणि फाटक गाडी सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतं, तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवा. स्पॅनिश रेल्वेच्या पानावर भारतीय कार्ड अडलं तर आधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का ते पाहा, नव्या कार्डांवर ते बंदच असतात. सेव्हिल ते ग्रानादा बसही साधारण तीन तासांत नेते आणि चांगली असते. भाड्याची गाडी घेण्याचा विचार सोडा. ग्रानादाच्या जुन्या भागात फक्त परवानगी असलेल्या वाहनांना प्रवेश आहे, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाचा कागद घरी आल्यावर येतो. घ्यायचीच असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना, चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड, आणि हॉटेलकडे गाडीचा नंबर आधी नोंदवणं, या तिन्ही गोष्टी हव्यात.

सेव्हिलमध्ये अल्कासार या राजवाड्याचं तिकीटही वेळेचंच, सकाळचं पहिलं घ्या. कॅथेड्रलच्या हिराल्दा मनोऱ्यावर जवळजवळ वरपर्यंत पायऱ्या नाहीत, उतरण आहे, त्यामुळे आजी-आजोबाही दमाने चढतात. कोलंबसची कबर त्याच कॅथेड्रलमध्ये आहे. १४९२ हे साल मुलांना त्याच्यामुळे माहीत असतं. त्याच वर्षी २ जानेवारीला मुस्लिम सुलतानाचं ग्रानादा ख्रिस्ती राजा-राणीच्या हाती पडलं, हे त्यांना अल्हाम्ब्राला जाण्याआधी सांगा.

हॉटेलात मोठ्या मुलांना बहुतेक ठिकाणी प्रौढच धरतात. 'दोन मोठे, दोन लहान' अशी खोली घेतली असेल तर वयं लिहून पक्कं करून घ्या, नाहीतर दारात जादा खोलीचे पैसे द्यावे लागतात. चौघांना एक अपार्टमेंट जास्त सोयीचं.

खाण्याची अडचण पदार्थांपेक्षा वेळेची जास्त आहे. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं साडेआठनंतर, मधल्या वेळात बरीचशी स्वयंपाकघरं बंद. सहा वाजता भुकेलेल्या मुलासाठी खोलीत दही, फळं, पाव ठेवा, आणि ते शनिवारीच घ्या, कारण रविवारी बरीच मोठी दुकानं बंद असतात. शाकाहारी असाल तर नुसतं 'वेहेतारियानो' म्हणून भागत नाही, सॅलडवर ट्यूना येतो. 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतुन' (मांस, हॅम, मासे, ट्यूना नको) असं मोजून सांगा. साल्मोरेहो हे थंड टोमॅटोचं घट्ट सूप, त्यावर हॅम आणि अंडं पेरलेलं असतं, तेही आधी सांगून काढायला लावा. पालक-हरभऱ्याची 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' आणि काकवीसारखा पाक घातलेले वांग्याचे काप आपल्या जिभेला लगेच रुळतात. ग्रानादात पेयाबरोबर एक छोटी बशी फुकट येते, पण त्यात काय येईल ते आपल्या हातात नसतं, म्हणून वरची चार वाक्यं पेय मागवतानाच म्हणा.

ग्रानादा आणि सेव्हिलच्या कॅथेड्रलभोवती बायका रोझमेरीची डहाळी हातात कोंबतात, हात बघतात आणि मग पैसे मागतात. मुलांना आधीच सांगून ठेवा, हात खिशातच ठेवायचे आणि चालत राहायचं.

तारखा कळवा, कुठल्या दिवशी कुठलं तिकीट पाहायचं ते लावून देतो.